ताब्याचा वाद, त्यात मुलाच्या सुरक्षिततेचा आरोप : मध्यस्थाने काम कसे करावे

ताब्याचे प्रकरण मध्यस्थीला आले की 'मूल कोणाकडे' एवढाच प्रश्न क्वचित असतो. अर्जाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुठेतरी वाक्य सापडतेच: 'सामनेवाले व्यसनी असून मुलीस मारहाण करतात', 'आई मुलाला घरी एकटे कोंडून नोकरीला जाते', 'आजोबांची वागणूक योग्य नाही'. यातले काही खरे असते, काही वाढवलेले, काही नुसते सवयीने टंकलेले. खरे कोणते, हे मध्यस्थाने ठरवायचे नसते. तो न्यायाधीश नाही आणि तपास अधिकारीही नाही. त्याने ठरवायचे ते इतकेच की यातला कोणता भाग बोलणीला ठेवता येईल आणि कोणता ठेवताच येणार नाही. ही रेघ पहिल्या दिवशी आखली नाही, तर पुढे मुलाच्या सुरक्षिततेचाच सौदा होतो आणि तो होताना खोलीतल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढची माहिती महाराष्ट्रातली कौटुंबिक न्यायालये आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांची मध्यस्थी केंद्रे समोर ठेवून लिहिली आहे. मध्यस्थ आणि समुपदेशकांना तिचा उपयोग व्हावा, तसाच समोर बसणाऱ्या आईवडिलांनाही.

आधी कागद

संदर्भ आदेश (प्रकरण मध्यस्थीला पाठवण्याचा न्यायालयाचा आदेश) आला की तारीख देण्यापूर्वी प्रकरणाचे कागद मागवून वाचा. दोन्ही वकिलांकडून पाच गोष्टी लेखी घ्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) अर्ज आहे का, आणि त्यात कलम २१ खाली तात्पुरत्या ताब्याचा आदेश झाला आहे का? पोलिसांत गुन्हा दाखल आहे का, कोणत्या कलमाखाली? बालकल्याण समितीसमोर (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी समिती) मुलाला कधी हजर केले होते का? भेटीचा अंतरिम आदेश आहे का, आणि तो पाळला जातो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोलका: मूल दुसऱ्या पालकाला शेवटचे कधी भेटले? त्याचे उत्तर 'गेल्या रविवारी' असेल तर काम एका प्रकारचे आहे, 'अकरा महिन्यांपूर्वी' असेल तर अगदी वेगळे.

कायद्याचा पाया सगळ्यांना माहीत असतो, पण बोलणी तापली की विसरला जातो. पालक आणि पाल्य कायदा, १८९० चे कलम १७ आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चे कलम १३ दोन्ही मुलाचे हित मध्यभागी ठेवतात. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे, हे १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. त्यातला 'सामान्यतः' हा शब्द वकील गाळतात. तुम्ही गाळू नका. कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ चे कलम ९ न्यायालयाला समेटाचा प्रयत्न करायला सांगते, पण प्रकरणाचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून. समेट झालाच पाहिजे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पहिली बैठक वेगवेगळी

दोघांना एकाच वेळी बोलावू नका. एकाला ११ वाजता बोलावले तर दुसऱ्याला साडेबाराला. दोन्हीकडची मंडळी न्यायालयाच्या पॅसेजमध्ये समोरासमोर बाकड्यांवर बसली की आत येण्याआधीच बाई गप्प होते किंवा माणूस पेटलेला असतो. प्रत्येकाला किमान ४५ मिनिटे द्या. त्यातली पहिली काही मिनिटे वकिलांसोबत, उरलेली एकट्याने. 'मी तिचा मोठा भाऊ आहे, मीच बोलतो' म्हणणाऱ्यालाही बाहेर बसवा. नम्रपणे, पण बसवाच.

प्रश्न साधे असावेत आणि दोघांना तेच असावेत, कारण मार खाणारा पुरुषही असू शकतो:

'या खोलीत समोरासमोर बसून तुम्हाला मोकळेपणाने "नाही" म्हणता येईल का?'
'आज इथे जे बोलाल त्यामुळे घरी गेल्यावर काही होईल अशी भीती आहे का?'
'मूल तिकडे राहायला गेले तर तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते?'
'शेवटचे असे कधी झाले? तेव्हा मूल कुठे होते?'
'पैसे, फोन, आधार कार्ड, मुलाचा पासपोर्ट कोणाकडे असतो?'

'मारतो' किंवा 'त्रास देते' एवढ्यावर थांबू नका. केव्हा, कशाने, किती वेळा, नंतर दवाखान्यात गेलात का, हे विचारा. गळा दाबणे, हत्यार दाखवणे, 'मुलाला आणि स्वतःला संपवीन' ही धमकी, पाळत ठेवणे, गेल्या काही आठवड्यांत त्रास वाढणे, 'मुलाला घेऊन कुठे जाईन कळणारही नाही' हे वाक्य, यांतले एकही ऐकू आले तर एकत्र बैठक घेऊ नका. (मोठ्या माणसांमधल्या हिंसेबद्दल असे खोदून विचारता येते. मुलावरील लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला तर मात्र खोदायचे नाही. ते पुढे येते.)

या बैठकीनंतर तीनपैकी एक निर्णय घ्या. सगळे ठीक असेल तर एकत्र बैठक. भीती आहे, पण दोघांनाही बोलायचे आहे, तर दोन खोल्या, तुम्ही मधे ये-जा करायची, येण्याच्या वेळांत अर्ध्या तासाचे अंतर, आणि जिला किंवा ज्याला भीती आहे ती व्यक्ती २० मिनिटे आधी बाहेर पडेल. तिसरा निर्णय, मध्यस्थी योग्य नाही असे कळवून प्रकरण न्यायालयाकडे परत. असा निर्णय घ्यायला नवे मध्यस्थ कचरतात, कारण नोंदवहीत 'यशस्वी' दिसत नाही. पण दबावाखाली झालेल्या सहीपेक्षा परत गेलेले प्रकरण केव्हाही बरे.

हिंसाचाराच्या अर्जात समुपदेशनाला पाठवलेले प्रकरण असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १४ छापून जवळ ठेवा. हिंसेचे समर्थन करायला प्रतिवादीला मुभा नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचे, असे त्यात आहे. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला' हे वाक्य सुरू होताच तुम्ही थांबवायचे. दोन्ही बाजू ऐकण्याच्या नावाखाली ते पूर्ण होऊ देणे हा पक्षपातच आहे.

गोपनीयतेची मर्यादा पहिल्या मिनिटाला सांगा

'इथे बोललेले सगळे गुप्त राहते' असे म्हणून सुरुवात करण्याची पद्धत आहे. मुलांच्या प्रकरणात हे वाक्य अपुरे आहे आणि नंतर अंगावर येते. असे म्हणा: 'इथले बोलणे मी बाहेर सांगणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा मुलावर अत्याचार होतो आहे असे कळले, तर ते मला कळवावे लागेल. ते मी लपवणार नाही.' २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गुन्ह्याची धमकी किंवा बेत, कौटुंबिक हिंसा आणि बाल अत्याचाराची माहिती यांना गोपनीयतेचे कवच नाही. त्या कायद्याची सगळी कलमे एकाच दिवशी लागू झाली नाहीत, म्हणून तुमच्या प्रकरणाला कोणते नियम लागू आहेत ते केंद्राच्या समन्वयकांकडून तपासून घ्या. १२० दिवसांची मुदत आणि आणखी ६० दिवसांची वाढ हीही त्याच कायद्यातली. संदर्भ आदेशात वेगळी मुदत असेल तर ती पाळा.

आणखी एक बाब बऱ्याच मध्यस्थांना ठाऊक नसते. पेरी कन्साग्रा विरुद्ध स्मृती मदान कन्साग्रा या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ताब्याच्या प्रकरणात मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल न्यायालय पाहू शकते. मध्यस्थीच्या गोपनीयतेआड तो दडत नाही. त्यामुळे समुपदेशकाने मुलाला 'हे आपल्या दोघांतच राहील' असे वचन देऊ नये.

आरोप पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) हद्दीत गेला तर

समजा, वेगळ्या बैठकीत आई म्हणते, 'तिकडून आली की मुलगी अंघोळीला घाबरते, म्हणते काका त्रास देतो.' इथे मध्यस्थी त्या क्षणी थांबते. कसे थांबवायचे याचा क्रम असा:

१. प्रश्न विचारू नका. 'काय केले, कुठे हात लावला' हे विचारायचे काम तुमचे नाही. आईनेही मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नये, हे तिला सांगा. सारखे विचारून मुलीचे म्हणणे बदलत जाते आणि पुढे जबाब कमकुवत होतो.
२. ऐकलेले वाक्य त्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. तुमचा अर्थ त्यात घालू नका.
३. विशेष बालपोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. पोक्सो कायद्याचे (२०१२) कलम १९ ही जबाबदारी प्रत्येकावर टाकते. गुन्हा घडल्याची माहिती हवी किंवा घडेल अशी भीती हवी; पुरावा गोळा करणे अपेक्षित नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे.
४. मूल आज रात्री कुठे झोपणार, हे विचारा. उत्तर धोक्याचे असेल तर १०९८ या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन करा. मुलाला काळजी व संरक्षणाची गरज असेल तर पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. ते झाले का याची खात्री करा.
५. ज्याच्यावर आरोप आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तुम्ही सांगू नका. 'त्यांचीही बाजू ऐकून घेऊ' हा मध्यस्थाचा हातखंडा इथे मुलाला धोक्यात घालतो.
६. न्यायालयाला मध्यस्थी पुढे चालवत नसल्याचे कळवा. तपशील तिथे लिहू नका. मुलाची ओळख उघड होईल असे काहीही कोणत्याही कागदावर जाता कामा नये.

आरोप खोटा असेल तर? तसेही होते. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. पण तक्रार खोटी आहे की खरी हे तपासात आणि न्यायालयात ठरते. 'ताब्यासाठीच रचलेले दिसते' असा अंदाज बांधून गप्प बसणारा मध्यस्थ चुकला, तर त्याची किंमत मूल मोजते.

याच ठिकाणी सगळ्यांत मोठी घसरण होते. दोन्ही वकील बाजूला जाऊन येतात आणि म्हणतात, 'मॅडम, सगळे मिटतेय. ते महिन्याला दोन भेटी घेतील, आम्ही पोक्सोची तक्रार मागे घेतो.' ही अट कागदावर येऊच देऊ नका. तो गुन्हा आपसात मिटण्याजोगा नाही. राजस्थानातल्या एका प्रकरणात तडजोडीवरून उच्च न्यायालयाने रद्द केलेली फिर्याद नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. भेट हवी असेल तर ती भेटीच्या जागी बोला. फिर्यादीशी तिची गाठ मारायची नाही.

एकत्र बैठक : आरोपाचा प्रश्न करा

सुरक्षिततेची चाळणी पार झाली, एकत्र बसणे शक्य आहे असे ठरले, की मध्यस्थाचे खरे कौशल्य सुरू होते. 'तो दारुडा आहे' यावर तासभर वाद होऊ शकतो आणि हाती काही लागत नाही. तेच वाक्य फळ्यावर असे लिहा: 'भेटीच्या दिवशी वडिलांनी दारू घेतलेली नसेल याची खात्री कशी होईल?' आता वडिलांना नाकारायला काही उरत नाही, आईला सिद्ध करायला काही उरत नाही, आणि दोघांना उत्तर द्यावे लागते. 'ती मुलाला माझ्याविरुद्ध भरवते' याचे 'मुलासमोर एकमेकांबद्दल काय बोलायचे नाही, आणि फोन आला की कोण बाजूला होईल?' 'सासूबाई मुलीला धपाटे घालतात' याचे 'वडिलांच्या घरी मुलगी असताना तिला कोण सांभाळेल आणि कोण सांभाळणार नाही?'

बोलणीचा क्रम वादाच्या उलट ठेवा. सोप्यापासून सुरू करा: शाळा कोणती, डॉक्टर कोण, लसीकरणाचे कार्ड कोणाकडे. दोन-तीन गोष्टींवर एकमत झाले की आवाज खाली येतात. ताबा कोणाचा, हा शब्द शेवटी आणा. बऱ्याचदा तोवर आठवड्याचे वेळापत्रक ठरलेले असते आणि त्या शब्दावर भांडायला फारसे उरत नाही.

आजी-आजोबा या देशात प्रत्येक ताब्यात असतातच, बोलणीत असोत वा नसोत. नोकरी करणाऱ्या आईचे मूल दिवसभर तिच्या आईकडे असते. वडिलांच्या घरी स्वयंपाक आजी करते. म्हणून शेवटच्या मसुद्याआधी एकदा त्यांना अर्धा तास बोलावून योजना वाचून दाखवा. 'आजी, शनिवारी दहाला नात येईल, सहाला जाईल. मधे तिच्या आईचा विषय काढायचा नाही, एवढे तुमच्याकडून हवे.' हे बोलणे झाले नाही तर करार पहिल्याच भेटीत स्वयंपाकघरात मोडतो.

मुलाचे म्हणणे

मुलाला एकत्र बैठकीत बसवू नका, दाराबाहेरही ताटकळत ठेवू नका. बोलायचे असेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या विवाह समुपदेशकांनी किंवा बालमानसतज्ज्ञांनी, वेगळ्या दिवशी, मुलाच्या सोयीच्या वेळी. परीक्षेच्या आठवड्यात नाही, दुपारच्या झोपेच्या वेळी नाही. न्यायालय मुलाची पसंती विचारात घेऊ शकते, पण समजून निवड करता येण्याइतके वय झाले असेल तरच, असे १८९० च्या कायद्यात आहे. वयाचा आकडा तिथे दिलेला नाही.

'तुला कोणाकडे राहायचे?' हा प्रश्न कधीच नको. तो मुलाला आयुष्यभर टोचतो: आपण आईला किंवा बाबांना सोडले, असे त्याला वाटत राहते. विचारायचे ते असे: 'तुझा सोमवार कसा जातो? शाळेतून आल्यावर घरी कोण असते? बाबांकडे गेलास की काय आवडते? काय नको वाटते? तुझ्या आईबाबांना मी एक गोष्ट सांगू शकलो तर कोणती सांगू?' शेवटच्या प्रश्नाला मुले फार छोटी आणि फार खरी उत्तरे देतात, 'गेटवर भांडू नका' असली.

सहा-सात वर्षांचे मूल 'ऍक्सेस', 'पोटगी', 'मेंटल टॉर्चर' असे शब्द वापरू लागले, दोन वेगळ्या प्रश्नांना तेच पाठ वाक्य म्हणाले, किंवा एका पालकाबद्दल त्याला एकही चांगली आठवण सांगता आली नाही, तर ते शिकवलेले असण्याची शक्यता आहे. शक्यताच. खरोखर मार खाल्लेले मूलही चांगली आठवण सांगत नाही. म्हणून निष्कर्ष काढू नका. समुपदेशकांना पुन्हा एकदा, दुसऱ्या पालकाने आणलेल्या दिवशी, मुलाशी बोलायला सांगा. दोन्ही दिवशींचे बोलणे ताडून पाहण्यात जितके कळते तितके दुसऱ्या कशात कळत नाही.

देखरेखीखालची भेट

संशय आहे पण सिद्ध काही नाही, किंवा मूल खूप महिने एका पालकाला भेटलेले नाही, अशा मधल्या प्रकरणांत सगळा भर टप्प्यांवर ठेवा. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स आहे. तशी सोय नसेल तिथे मध्यस्थी केंद्राची खोली किंवा दोघांना मान्य अशा व्यक्तीचे घर चालते.

एक सांगाडा असा. पहिले सहा आठवडे: दर शनिवारी दोन तास, देखरेखीच्या जागी. पुढचे सहा आठवडे: चार तास, बागेत किंवा तशाच सार्वजनिक ठिकाणी, ठरलेली व्यक्ती नजरेच्या टप्प्यात. मग पूर्ण दिवस, मुक्काम नाही. मग मुक्काम. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर लांब भेटीपेक्षा आठवड्यात दोन-तीन वेळा एक-दीड तास बरे. आठवडाभराने आलेला माणूस एवढ्या लहान बाळाला परका वाटू लागतो. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची अट मोजता येईल अशी लिहा: सहापैकी किमान पाच भेटी वेळेवर, एकाही भेटीत नशा नाही, समुपदेशकांची हरकत नाही. 'आईला योग्य वाटल्यास' असे लिहिले तर पुढचा टप्पा कधीच येत नाही. 'तीन महिन्यांनी आपोआप' असे लिहिले तर धोका असूनही येतो.

देखरेख करणारी व्यक्ती निवडताना 'दोन्हीकडची ओळखीची' एवढे पाहून चालत नाही. वडिलांच्या बहिणीला भावाला 'थांब' म्हणता येईल का, हा खरा प्रश्न. तिचे काम कागदावर लिहून द्या: १५ मिनिटे आधी यायचे, बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचे, मुलाला शौचालयात न्यायचे झाले तर तिनेच न्यायचे, नशेचा वास किंवा आरडाओरडा असेल तर भेट तिथेच थांबवायची. नोंदवहीत फक्त आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोण उपस्थित, काही वावगे घडले का, आणि सही. 'मूल रडत होते, कारण आईने भरवले आहे' असले मत त्यात नको.

मसुदा

बहुतेक करार भावनेने मोडत नाहीत, मोघम वाक्यांनी मोडतात. 'वडिलांना मुलीस भेटण्याचा वाजवी अधिकार राहील' या एका ओळीने दोघे महिन्याभरात पुन्हा न्यायालयात येतात. तिच्या जागी असे लिहा:

'वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता आईच्या सोसायटीच्या मुख्य गेटवर मुलीला घेतील व त्याच दिवशी सायंकाळी ६ वाजता तेथेच आणून सोडतील. आई, वडील व मावशी यांच्याखेरीज अन्य कोणी मुलीला देणार किंवा घेणार नाही. उशीर होत असल्यास १० पूर्वी मेसेज करतील, १०.३० नंतर थांबण्याचे बंधन नाही. मुलगी आजारी असल्यास आई आदल्या रात्री ९ पर्यंत कळवून डॉक्टरांची चिठ्ठी पाठवेल व ती भेट लगतच्या शनिवारी होईल. मुलीसोबत इनहेलर व त्या दिवशीची औषधे दिली जातील.'

गेटवरची ती दोन मिनिटे सगळ्यांत स्फोटक असतात. म्हणून तिथे पैशांचा, केसचा, शाळेच्या फीचा विषय काढायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही, हे वेगळ्या ओळीत लिहा. दोघे समोरासमोर आलेच नाहीत तर आणखी बरे: शाळेच्या दिवशी एक पालक शाळेत सोडतो, दुसरा शाळेतून घेतो. मात्र शाळेला दोघांच्या सहीचे पत्र आणि आदेशाची प्रत आधी दिलेली हवी, नाहीतर शाळा मूल सोडत नाही.

सणांचे 'निम्मे-निम्मे' लिहू नका. दिवाळीत लक्ष्मीपूजन समवर्षी आईकडे, विषमवर्षी वडिलांकडे, पाडवा उलट. भावंडे वेगवेगळ्या घरी असतील तर भाऊबीज आणि राखीपौर्णिमेला ती एकत्र असतीलच, हे कोणाचाही हक्क न मानता लिहा. गणपतीला कोकणात जायचे असेल तर तारखा निदान अडीच महिने आधी ठरायला हव्यात, कारण रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि लगेच भरते. मे महिन्याच्या सुट्टीची सुरुवात-अखेर शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे धरायची.

फोनचे वार आणि वेळ लिहा: मंगळवार, शुक्रवार, ७.३० ते ७.५०, फोन कोण लावणार, रेकॉर्डिंग नाही. न्यायालये हल्ली भेटीसोबत व्हिडिओ कॉलचाही विचार करतात. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट म्हटले आहे.

पोटगी आणि भेट यांची अदलाबदल नको. 'फी भरली तरच भेट' आणि 'भेट दिली तरच फी' ही दोन्ही वाक्ये मुलाला ओलीस धरतात. मुलाची पोटगी आईने कायमची सोडून दिल्याचेही लिहू नका. तो हक्क मुलाचा आहे, तिला तो सोडता येत नाही.

मसुदा मराठीत करा. इंग्रजीत करावाच लागला तर प्रत्येक कलम मराठीत वाचून दाखवा आणि 'पुढच्या शनिवारी नेमके काय होईल, सांगा बरं' असे दोघांना वेगवेगळे विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर कलम पुन्हा लिहा. सह्या त्याच दिवशी घ्यायची घाई नको. निदान दोन दिवस द्या, वकिलांना दाखवू द्या. वकील नसेल तर कळवा की १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य आहे.

करार न्यायालयात दाखल झाला म्हणजे आदेश झाला असे नाही. न्यायाधीश मुलाच्या हिताच्या दृष्टीने तो वाचतात आणि नाकारूही शकतात. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलतात. १९७३ च्या रोझी जेकब निकालापासून ही भूमिका आहे. पक्षकारांना हे आधी सांगा, नाहीतर एकाला वाटते आपण जिंकलो, दुसऱ्याला वाटते सगळे संपले.

एक पालक परदेशात असेल तर

पुणे, नाशिक, नागपूरची बरीच प्रकरणे आता अमेरिका, इंग्लंड, आखाताशी जोडलेली असतात. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे मूल इकडे आणले किंवा तिकडे नेले तर आपोआप परत येण्याची यंत्रणा नाही, आणि सुट्टीला पाठवायचे म्हटले तरी भीती खरी असते. तिच्यावर उतारा कागदाचा: दोन्ही देशांतल्या न्यायालयांत सारखाच आदेश आधी घ्यायचा, परतीचे तिकीट आधी दाखवायचे, पासपोर्ट कोण ठेवणार ते लिहायचे, प्रवासाचा तपशील ३० दिवस आधी द्यायचा. बैठक ऑनलाइन असेल तर कॅमेऱ्याबाहेर खोलीत कोण बसले आहे हे दर वेळी विचारा.

बालकल्याण समितीकडचे प्रकरण

मूल बालगृहात आहे आणि आई, आजी, काका त्याला परत मागत आहेत, अशा वादात निर्णय बालकल्याण समितीचा. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती बाल न्याय कायद्याखाली (२०१५) काम करते. तिथे मध्यस्थाने ताबा 'मिटवायचा' नसतो. कुटुंबाला एकत्र बसवून घरवापसीची योजना करायला मदत करता येते: मूल कोणाजवळ झोपेल, शाळेत कोण नेईल, ज्याच्यामुळे मूल घराबाहेर पडले तो माणूस घरात असेल का, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कोण किती दिवसांनी भेट देईल. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अशी कुटुंब-बैठक रुळवली. त्यात अधिकारी माहिती देऊन बाहेर जातात आणि कुटुंब आपसात बोलून योजना आणते. कॅनडाच्या ओंटारियोत बालसंरक्षण संस्थाच वादातली एक बाजू असते आणि मध्यस्थ तिला व पालकांना समोरासमोर बसवतो. आपल्याकडे ही घडी बसलेली नाही. म्हणून योजना लेखी करून समितीपुढे ठेवा, आणि समितीने 'नाही' म्हटले तर कुटुंबाला 'मी बघतो' असे आश्वासन देऊ नका.

करारानंतर

तीन महिन्यांनी एक आढावा बैठक करारातच लिहून ठेवा, तारखेसह. तिच्यात तीनच प्रश्न: किती भेटी ठरल्या होत्या, किती झाल्या, न झालेल्यांचे कारण काय. करार मोडला तर आधी लेखी मेसेज, सात दिवसांत उत्तर नाही तर मध्यस्थाकडे, तिथेही नाही तर न्यायालयात अर्ज, असा क्रम कलमात घाला. मुलाला धोका असेल तिथे मात्र हा क्रम लागू नाही, थेट पोलीस किंवा १०९८, हेही त्याच कलमात लिहा.

न्यायालयाला पाठवायच्या अहवालात करार झाला तर त्याची प्रत, न झाला तर 'तडजोड झाली नाही' एवढेच. कोण आडमुठे होते, कोणी काय प्रस्ताव नाकारला, हे तिथे जात नाही. तुमचे कच्चे टिपण त्याच दिवशी फाडून टाका. सुरक्षिततेच्या कारणाने पोलिसांना कळवलेल्या माहितीची नोंद तेवढी, तारखेसह, बंद पाकिटात जपून ठेवा.